नळ्यांपासून मंगळुरी कौलापर्यंत

मे महिना लागला की आपल्या गटांत कर्जाचे अर्ज येतात ते बहुतेक छपराचे. वासे कुजलेत, कौलं फुटलीत, पत्रा घालायचाय. म्हणून आज छपराचीच गोष्ट सांगते, थोडी मागे जाऊन.

कोकणात पूर्वी गरिबाचं घर गवताचं नाहीतर पेंढ्याचं. ते दरवर्षी शाकारायचं. गवताचे भारे डोक्यावरून कोण आणायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्याला परवडे तो नळे घाली. कुंभार चाकावर मातीचं नळकांडं घडवी आणि ओलं असतानाच उभं चिरून त्याचे दोन भाग करी. छपरावर एक रांग उताणी, दोन रांगांच्या सांध्यावर दुसरी पालथी. पण हे नळे नुसते ठेवलेले असत. माकड आलं, मांजर पळालं, वारा सुटला की सरकले. हातानं घडवलेले, त्यामुळे एकसारखा एक नसे. दर उन्हाळ्यात छप्पर परतायचं आणि तरीही आषाढात घरभर भांडी मांडायची!

एकमेकांत अडकणारं कौल मुळात आपल्याकडचं नाही. फ्रान्सच्या अल्सास भागात गिलार्डोनी नावाच्या भावांनी ते १८४१ मध्ये काढलं. आपल्या किनाऱ्यावर ते रुजलं मंगळूरला. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ साली तिथे कारखाना सुरू केला. नदीकाठची चिकणमाती होती, भट्टीला लाकूड होतं आणि माल न्यायला समुद्र होता. पुढे तिथल्या लोकांनीही कारखाने काढले. या कारखान्यांत बायाही राबल्या, पण कौलावर नाव उठलं ते मालकाचं.

आता कौल हातात घेऊन बघा. एका कडेला खोबण असते, तिच्यात शेजारच्या कौलाची कड बसते. वरच्या कौलाचं टोक खालच्यावर चढतं. मागचे उंचवटे रिपेला अडकतात, म्हणून ते घसरत नाही. दहा फूट लांब, दहा फूट रुंद छपराला साधारण दीडशे कौलं लागतात आणि एकेक दोन-अडीच किलोचं. त्या वजनामुळेच ते वाऱ्यात टिकतं, आणि त्यासाठीच वासे दणकट लागतात. उतार मात्र पुरेसा हवा. छप्पर सपाट झालं की झडीचं पाणी सांध्यातून उलटं आत शिरतं. वळचणही तोकडी ठेवू नका. पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या तरच मातीची भिंत कोरडी राहते. शिवाय सांध्यांतून हवा खेळते, चुलीचा धूर वर निघून जातो. पत्र्याखाली तसं होत नाही. आमच्या सासूबाई पत्र्याला अजून 'तवा' म्हणतात.

पण कौलालाही वादळ चुकलेलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा पत्रे उडाले तशी कौलंही उडाली. वारा वळचणीखालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो. म्हणून कडेच्या रांगा तारेनं रिपेला बांधायच्या. बऱ्याच कौलांना मागे त्यासाठी भोक असतं. आढ्यावरचे कोने चुन्यात नाहीतर सिमेंटात पक्के बसवायचे. एक गोष्ट मात्र कौलाच्या बाजूची आहे. फुटलं तेवढंच बदलता येतं. पत्रा उडाला की अख्खी खोली उघडी.

तेव्हा यंदा छपरासाठी अर्ज करणाऱ्या बायांनी नुसती कौलांची संख्या लिहू नये. वासे, रिपा, तार आणि गवंड्याची मजुरी वेगळी लिहावी. जुनी धड कौलं घासून परत चढवता येतात, ती मोजून वजा करावीत. आणि ती उतरवताना एखादं उलटून बघा. कारखान्याचं आणि गावाचं नाव उठवलेलं असतं. तुमच्या घरावर कुठलं कौल निघालं, ते पुढच्या बैठकीत सांगा.