९११ वर आकसाने फोन केला तर? अमेरिकेतले दिवाणी कायदे सोप्या भाषेत

आपल्याकडे जसा ११२, तसा अमेरिकेत ९११. पोलीस, अँब्युलन्स, फायर ब्रिगेड, सगळ्यांसाठी एकच नंबर. पहिला ९११ कॉल १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामा राज्यातल्या हेलिव्हिल या छोट्या गावातून लागला. फोन लॉक असला तरी हा कॉल लागतो आणि आधी काहीही सिद्ध करून दाखवावं लागत नाही. तेच बरोबर आहे. घरात चोर शिरलाय तेव्हा ओटीपी कोण टाकत बसणार?

पण याच सोयीचा गैरवापरही होतो. समोरचा माणूस काहीच चुकीचं करत नाहीये, फक्त त्याचा रंग, धर्म किंवा पेहराव खटकतोय, म्हणून पोलीस बोलवायचे. २०१९ पासून अमेरिकेतल्या काही राज्यांनी आणि शहरांनी असा फोन करणाऱ्यावर दिवाणी दावा लावायची सोय केली आहे. हे कायदे नेमके काय आहेत ते पाहू.

एका फोनने असं काय होतं?

६ फेब्रुवारी २०१५. अलाबामातलं मॅडिसन शहर. गुजरातहून मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी घराजवळ फिरत होते. नातवाला सांभाळायला मदत म्हणून ते आले होते. एका रहिवाशाने पोलिसांना फोन करून सांगितलं की एक सडपातळ काळा माणूस फिरतोय, याला आधी कधी पाहिलेलं नाही. पोलीस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. काही मिनिटांत एका पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं. मणक्याला इजा झाली, ऑपरेशन करावं लागलं, अंशतः लकवा आला. त्या पोलिसावर खटला चालला, दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं.

फोन करणाऱ्याच्या मनात काय होतं ते आपण सांगू शकत नाही. पण गुन्हा घडलेला नसताना "हा इथला वाटत नाही" एवढ्यावर पोलीस निघतात, तेव्हा धोका कोणाला असतो ते यातून कळतं. सुट्टीत आईबाबांना अमेरिकेला बोलावणाऱ्या मराठी घरांनाही हे लागू आहे.

सिस्टीममध्येच ही अडचण का आहे?

इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर ९११ ला इनपुट व्हॅलिडेशन जवळजवळ नाही. कॉल लागला की ऑपरेटरच्या स्क्रीनवर नंबर आणि अंदाजे लोकेशन येतं. ऑपरेटर काही प्रश्न विचारतो, कॉलचा प्रकार आणि प्राधान्य ठरवतो आणि गाडी पाठवतो. गाडीतल्या पोलिसाकडे माहिती म्हणून असतं ते बरंचसं फोन करणाऱ्याचंच वर्णन. त्याने "संशयित" म्हटलं की पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तो माणूस संशयितच.

इथे कडक फिल्टर लावावा, तर खऱ्या संकटातले लोक अडकतील. म्हणून फिल्टर कॉलच्या आधी नाही, नंतर लावायचा: फोन कोणालाही करता येईल, पण आकसाने केला असेल तर मागाहून हिशेब द्यावा लागेल. या कायद्यांमागचा विचार एवढाच आहे.

कुठे कोणता कायदा?

१. ओरेगन (२०१९): जुलै २०१८ मध्ये जनेल बायनम या कृष्णवर्णीय महिला आमदार मतदारसंघात घरोघरी प्रचार करत होत्या. कोणीतरी संशय घेऊन पोलीस बोलावले. पुढे त्यांनीच हा कायदा मांडला. एखाद्याला त्रास द्यायला, अपमान करायला, भेदभाव करायला किंवा तो हक्काने जिथे आहे तिथून हुसकायला पोलीस बोलावले, तर त्याला दावा लावता येतो. कायद्यात २५० डॉलरची तरतूद आहे. रक्कम लहान, पण छोट्या दाव्यांच्या कोर्टात जाता येतं.

२. न्यूयॉर्क राज्य (जून २०२०): २५ मे २०२० ला सेंट्रल पार्कमध्ये एका कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षकाने एका महिलेला कुत्र्याला पट्टा लावायला सांगितलं. तिने ९११ ला फोन करून आफ्रिकन-अमेरिकन माणूस आपल्या जिवावर उठल्याचं सांगितलं. व्हिडिओ जगभर फिरला. काही आठवड्यांतच राज्याने नागरी हक्क कायद्यात दुरुस्ती केली. गुन्ह्याचा किंवा तातडीच्या धोक्याचा संशय घ्यायला कारण नसताना, वंश, रंग, धर्म, लिंग, वय, अपंगत्व, लैंगिक कल अशा ओळखीमुळे मुद्दाम पोलीस बोलावले, तर नुकसानभरपाई मागता येते.

३. सॅन फ्रान्सिस्को (ऑक्टोबर २०२०): इथल्या नगरमंडळाने एकमताने केलेला नियम "केरन अ‍ॅक्ट" म्हणून ओळखला जातो. मीममधली "केरन" म्हणजे ऊठसूट तक्रार करणारी गोरी बाई. त्याच उच्चाराचं नाव जमेल अशी आद्याक्षरं मुद्दाम जुळवली. किमान भरपाई १,००० डॉलर, शिवाय वकिलाचा खर्च.

४. कॅलिफोर्निया राज्य (२०२०): ओळखीच्या आकसातून, खोटं आहे हे माहीत असून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता पोलिसांत तक्रार केली, किंवा करायची धमकी दिली, तर ती "हिंसेच्या धाकाने धमकावणं" धरली जाते. त्यासाठी भरपाईखेरीज २५,००० डॉलरचा दिवाणी दंड आहे आणि तो पीडिताला मिळतो. त्रास देण्यासाठी आकसाने ९११ वापरल्यास वेगळी फौजदारी शिक्षाही आहे: एक वर्षापर्यंत तुरुंग, किंवा ५०० ते २,००० डॉलर दंड, किंवा दोन्ही.

दिवाणीच का? फौजदारी का पुरेसं नाही?

खोटी तक्रार हा गुन्हा आधीपासून होताच. पण फौजदारी खटल्याचा स्टिअरिंग सरकारी वकिलाच्या हातात असतो. सेंट्रल पार्कच्या प्रकरणात जुलै २०२० मध्ये त्या महिलेवर आरोप ठेवला गेला, पक्षीनिरीक्षकाने खटल्याला सहकार्य करायला नकार दिला होता तरी. मग तिने समुपदेशन पूर्ण केल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये आरोप मागेही घेतला गेला. खटला भरायचा की सोडायचा, दोन्ही निर्णय सरकारने घेतले.

दिवाणी दाव्यात तीन गोष्टी बदलतात:
- दावा लावायचा की नाही हे पीडित ठरवतो.
- पैसे सरकारी तिजोरीत न जाता बहुतेक वेळा पीडिताला मिळतात.
- "संशयाला जागा नाही" इतका पुरावा लागत नाही. आरोप खरा असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं पटवून दिलं की पुरतं.

तरी केस जिंकणं सोपं नाही. संशयाला कारण नव्हतं हे दाखवायचं आणि वर फोन ओळखीमुळेच केला हेही. मनातला हेतू सिद्ध करणं सगळ्यात अवघड. "मला खरंच भीती वाटली" हा बचाव कायम असतोच.

पुरावा कुठून येतो?

इथे टेक्नॉलॉजी पीडिताच्या बाजूने उभी राहते. ९११ चे कॉल रेकॉर्ड होतात. नंबर, वेळ, लोकेशन, ऑपरेटरची नोंद, गाडी कधी निघाली, सगळ्याचा लॉग असतो. फोन करणाऱ्याने नेमके काय शब्द वापरले, आवाजाचा सूर कसा होता, हे त्यातून कळतं. अमेरिकेत असताना तुमच्या वाट्याला असा प्रसंग आला तर:
- हात दिसतील असे ठेवा, पळू नका, वाद घालू नका.
- वेळ, पत्ता आणि पोलिसाचं नाव किंवा बॅज नंबर लिहून ठेवा. घटनेचा क्रमांक मागा.
- आजूबाजूच्यांचे व्हिडिओ आणि संपर्क मिळवा.
- रेकॉर्डिंग कायमचं राहत नाही. ते जपून ठेवण्याची लेखी विनंती लवकर करा आणि वकिलाला भेटा.

मग फोन करायला घाबरायचं का?

अजिबात नाही. चांगल्या मनाने केलेला फोन चुकीचा निघाला तरी तो या कायद्यांत बसत नाही. डायल करण्याआधी एकच तपासा: मी काय पाहिलं? "तो खिडकी फोडतोय" ही घटना झाली. "तो इथला वाटत नाही" ही घटना नाही.

भारतात असं काही आहे?

सरकारी नोकराला खोटी माहिती देऊन दुसऱ्याला त्रास देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात, आताच्या कलम ३(१)(क्यू) मध्ये, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीबद्दल सरकारी नोकराला खोटी माहिती देऊन तिला त्रास होईल असा अधिकार वापरायला लावणं हा वेगळा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड. म्हणजे अमेरिकेत ओरेगनचा कायदा आला त्याच्या तीस वर्षं आधीच आपल्याकडे हा विचार कायद्यात आला होता. फरक एवढाच की ही दोन्ही कलमं फौजदारी आहेत.

थोडक्यात

आणीबाणीचा नंबर तुमच्यावर विश्वास ठेवून चालतो, तुम्ही सांगाल ते खरं धरून गाडी निघते. म्हणून घटना सांगा, माणसाची जात, रंग किंवा कपडे हे फोन करायचं कारण होऊ देऊ नका.