रेडिओचा कान कोणाच्या हातात?

नभोवाणीचा इतिहास बहुधा प्रक्षेपण करणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. केंद्र कधी सुरू झाले, मंत्री कोण होते, कोणते निवेदक गाजले, यांच्या नोंदी राहतात, कारण त्यांची दप्तरे असतात. श्रोत्याचे दप्तर नसते. त्याच्या वाट्याला आली ती संचाच्या दर्शनी भागावरील दोन बटणे: एक स्टेशन लावण्याचे, दुसरे आवाज कमीजास्त करण्याचे. साहित्याच्या वर्गात आपण वाचकाच्या प्रतिसादाविषयी पुष्कळ बोलतो. श्रोत्याचा प्रतिसाद मात्र या दोन बटणांच्या फिरण्यात विरून गेला, असे आपण गृहीत धरतो. ते तितकेसे खरे नाही, एवढेच या लेखात आम्हांला मांडायचे आहे. बटण फिरवणे हीसुद्धा एक समीक्षाच होती, आणि एकदा तरी या देशातील सरकारला ती ऐकून घ्यावी लागली.

प्रथम भाषेकडे पाहू. मराठीत रेडिओ 'लावतात'. तंबोरा लावतात, सूर लावतात, आणि कवितेचा अर्थही लावतात. या सर्व ठिकाणी 'लावणे' म्हणजे नुसते सुरू करणे नव्हे. एक गोष्ट दुसरीशी जुळेपर्यंत सरकवत नेणे होय. म्हणूनच स्टेशन 'लागते' किंवा 'लागत नाही'. याखेरीज रेडिओचा 'कान पिळणे' असाही प्रयोग आपल्याकडे रूढ होता. वरवर तो विनोदी वाटतो. पण ऐकणाऱ्याने ऐकवणाऱ्याचा कान धरावा, ही उलटापालट विचार करण्याजोगी आहे.

हा कान सुरुवातीपासून इतका सुलभ नव्हता. १९२०च्या दशकातील न्यूट्रोडाइन जातीच्या संचांवर तीन-तीन तबकड्या असत. एक केंद्र ऐकायचे तर तिन्ही स्वतंत्रपणे जुळवाव्या लागत, आणि जुळल्यावर त्यांचे आकडे वहीत टिपून ठेवावे लागत. पुढे आतले फिरते कंडेन्सर एकाच दांड्यावर बसवले गेले आणि तीन बटणांचे एक झाले. ते फिरवले की कंडेन्सरचे अर्धवर्तुळाकार पत्रे स्थिर पत्र्यांच्या फटींत कमीअधिक सरकत, त्यासरशी संच वेगळ्या लहरीला प्रतिसाद देई, आणि रिळांवरून ओढलेल्या दोरीने काचेमागचा काटा हलत असे. आवाजाचे बटणही असेच घडत गेले. आरंभीच्या अनेक संचांत आवाज कमी करायचा तर व्हॉल्वच्या तापत्या तारेचा प्रवाहच घटवावा लागे. अमेरिकेतील हॅरल्ड व्हीलर यांनी १९२५-२६च्या सुमारास आवाज आपोआप सावरणारी योजना काढली. तीमुळे एका केंद्रावरून दुसऱ्यावर जाताना कानठळ्या बसण्याचे आणि दूरचे केंद्र मध्येच विझत जाण्याचे प्रमाण कमी झाले. १९३०च्या दशकाच्या मध्यावर हिरवा 'मॅजिक आय' आला, आणि स्टेशन नेमके लागले की नाही हे डोळ्यांनाही कळू लागले.

दोन बटणांची कामे निराळी, तसे त्यांचे अर्थही निराळे. आवाजाचे बटण घराशी आणि शेजाराशी बांधलेले: किती ऐकायचे, आणि आपल्याबरोबर आणखी कोणी ऐकायचे. स्टेशनचे बटण बाहेरच्या जगाशी बांधलेले: कोणाचे ऐकायचे. सत्तेला भीती वाटते ती या दुसऱ्या बटणाची. १ सप्टेंबर १९३९ रोजी नाझी जर्मनीने परदेशी केंद्रे ऐकणे हा गुन्हा ठरवला, आणि त्याची आठवण करून देणाऱ्या छोट्या चिठ्ठ्या संचाच्या बटणांना अडकवण्यात आल्या. सोव्हिएत संघात घरोघरी तारेने जोडलेले ध्वनिवर्धक होते; त्यांवर केंद्र निवडण्याची सोय नव्हती, आवाज लहानमोठा करण्याची तेवढी होती. नागरिकाला किती ऐकायचे ते ठरवता येत होते, काय ऐकायचे ते नाही. दोन बटणांतील फरक याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्यानंतर १५ वर्षांनी, १९४२च्या चळवळीत, याच शहरातून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेसचे गुप्त केंद्र चालवले. पोलिसांच्या पाळतीमुळे त्याची जागा वारंवार बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते पकडले गेले. हे केंद्र आपला पत्ता 'भारतात कोठून तरी' एवढाच सांगत असे, पण लहरीचा आकडा मात्र सांगे: ४२.३४ मीटर. आता घरच्या संचाच्या काचेवर दशांशाचे असे बारकावे छापलेले नसतात. ४१च्या खुणेच्या जरा पुढे, खरखरीतून, बोटांच्या अंदाजानेच तेथे पोहोचावे लागे. ज्या केंद्राचा ठिकाणा सरकारला शोधावा लागत होता, ते श्रोत्याला फक्त आकड्यावर आणि बोटांवर भिस्त ठेवून गाठायचे होते.

स्वातंत्र्यानंतरची कथा मात्र अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिच्यात खलनायक नाही. १९५२ साली माहिती व नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले आणि १९६२पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. पुण्यात जन्मलेला हा विद्वान मंत्री शास्त्रीय संगीताचा कळकळीचा पुरस्कर्ता होता. संस्थाने विलीन होऊन कलावंतांचा आश्रय तुटला असताना आकाशवाणीने त्यांच्यामागे उभे राहावे, हा त्यांचा आग्रह होता. १९५२मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तोही त्यांच्याच काळात. परंतु अभिरुची घडवायची तर हलके काढून टाकले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. चित्रपटगीतांना कात्री लागली, चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरली, निर्मात्यांशी बोलणी फिसकटली, आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले.

श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत, काटा सरकवला. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडसाठी सिलोनमध्ये उभारलेले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आले होते. लघुलहरी आकाशातील आयनांच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो कोस दूर उतरतात, त्यामुळे कोलंबोचे गाणे महाराष्ट्रातील दिवाणखान्यात पोहोचायला कोणाची परवानगी लागत नव्हती. १९५२च्या अखेरीस तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि अमीन सयानींचा आवाज बुधवारच्या रात्रीचा धनी झाला. १० घरांतील ९ संच सिलोनला लावलेले आढळले आणि दहावा बिघडलेला होता, हा त्या काळातील पाहणीचा किस्सा भारतीय चित्रपटाच्या इतिहासकारांनी नोंदवला आहे. त्यातील अतिशयोक्ती वजा केली तरी कौल स्पष्ट आहे. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू करून चित्रपटगीताला पुन्हा घरात घेतले.

ही लोकांच्या सवंग आवडीपुढे अभिजाततेने पत्करलेली शरणागती होती, असे म्हणणारे तेव्हा होते, आजही आहेत. आम्हांला हे मान्य नाही, आणि त्याचे कारण पुण्याचेच आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 'गीतरामायणा'चे पहिले गीत प्रक्षेपित झाले. पुढे वर्षभर, दर आठवड्याला एक, अशी ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात महाराष्ट्राने ऐकली. काळ तोच, मंत्री तेच, आणि काटा फिरवणारे हातही पुष्कळसे तेच असणार. बुधवारी रात्री सिलोनला गेलेला काटा गीतरामायणाच्या वेळी पुण्यावर परत येत होता. तो परत आणण्यासाठी कोणते बंधन घालावे लागले नाही; ऐकण्याजोगे काही असणे पुरेसे होते. शिवाय ज्या चित्रपटसृष्टीला दाराबाहेर ठेवले होते, तिच्यातच हे कवी आणि हे संगीतकार वावरत होते. म्हणजे उच्च आणि हलके यांच्यामध्ये खात्याने जी भिंत मानली होती, ती रचनाकारांच्या मनात नव्हती आणि श्रोत्यांच्या बोटांतही नव्हती.

पाठ्यपुस्तके नेमणाऱ्यांनी आणि वाचनसंस्कृतीची चिंता वाहणाऱ्यांनी, म्हणजे आपणच, यातून काही घ्यायला हवे. अभिरुची वर्ज्य करून घडत नाही. वाचकाच्या हाती दुसरे बटण आहे, हे मान्य करूनच त्याच्यापुढे उत्तम ठेवावे लागते. केसकरांचे उद्दिष्ट खोटे नव्हते; श्रोत्याला फक्त आवाजाचे बटण आहे, असा त्यांचा समज झाला.

पुढे अंकीय संचांत बटण दाबले की यंत्रच एका केंद्रावरून पुढच्या केंद्रावर उडी मारू लागले. मधली खरखर, अर्धवट ऐकू येणारी परकी भाषा, एकमेकांत मिसळलेली दोन गाणी, हा सारा प्रदेश त्या उडीत गळाला. ३१ जानेवारी २०२० रोजी बी.बी.सी.ची हिंदी रेडिओसेवा लघुलहरींवरून बंद झाली, तेव्हा काटा सरकवण्याचे आणखी एक निमित्त संपले. आज आपल्या आवडीचा अंदाज बांधून पुढचे गाणे यंत्रच लावते. ते बहुधा आवडतेही. पण 'लावणे' या क्रियापदाचा कर्ता बदलला आहे, हे भाषेच्या अभ्यासकांनी तरी नोंदवून ठेवावे.