छिन्नमनस्कता आणि कुटुंब : येरवड्यापासून निगडीपर्यंत

मराठी बोलण्यात 'येरवडा' या नावाला दोन अर्थ चिकटले आहेत. एक तुरुंगाचा व दुसरा मनोरुग्णालयाचा. मुंबईकडे दुसऱ्या अर्थाचे काम 'ठाणे' हा शब्द करतो. 'याला आता ठाण्याला पाठवा' असे आपण थट्टेने म्हणतो, तेव्हा वेड लागलेल्या माणसाची जागा घराबाहेर कोठे तरी भिंतीआड असते, असे त्या थट्टेत गृहीत धरलेले असते. हे गृहीत वस्तुस्थितीला धरून कधीच नव्हते. पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील जुन्या चार शासकीय मनोरुग्णालयांतील मंजूर खाटा एकत्र केल्या तरी त्या सहा हजारांच्या आतच भरतात. त्यांपैकी २५४० एकट्या येरवड्याच्या. छिन्नमनस्कतेचे प्रमाण हजारी तीन एवढेच धरले, तरी २०११ च्या शिरगणतीतील सव्वाअकरा कोटी लोकसंख्येत असे रुग्ण तीन लाखांहून अधिक होतात, आणि या खाटा काही केवळ त्यांच्यासाठी राखलेल्या नाहीत. सारांश, या रोगाचा इतिहास इस्पितळांच्या दप्तरांतून लिहिला तर तो फार थोड्या रुग्णांचा इतिहास होईल. उरलेल्यांचा इतिहास घरात घडला, आणि घराने दप्तर ठेविले नाही.

कुटुंबाकडे कायद्याने, वैद्यकाने व समाजाने वेळोवेळी कोणत्या दृष्टीने पाहिले, एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या भाषेत वेड, खूळ, पिसे, भ्रम, उन्माद असे शब्द पुष्कळ आहेत. लागीर, बाधा, झपाटणे हे शब्द कारण सुचविणारे आहेत. 'वेडा' हा शब्द तर निंदा, लाड आणि भक्ती अशा तिन्ही अर्थांनी चालतो. तेराव्या शतकातील महानुभाव चरित्रग्रंथांत ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना गावकरी वेडे म्हणतात आणि ईश्वरही मानतात. त्यांना आजचे रोगनाम लावणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. परंतु विक्षिप्त वागणाऱ्या माणसाला खाऊपिऊ घालून गावात वावरू देणारी एक रीत त्या वर्णनांतून दिसते, हे नाकारता येत नाही. 'छिन्नमनस्कता' हा शब्द मात्र अगदी अलीकडचा. एमिल क्रेपेलिन या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'अकाली बुद्धिभ्रंश' या अर्थाचे नाव रूढ केले. रोग उत्तरोत्तर वाढतच जातो, अशी त्याची धारणा होती. १९०८ साली स्विस वैद्य ऑयगेन ब्लॉयलर याने 'स्किझोफ्रेनिया' हे नाव सुचविले. ब्लॉयलरला विचार, भावना व इच्छा यांची परस्परांतील फारकत अभिप्रेत होती. एका देहात दोन माणसे वावरतात असा त्याचा अर्थ नव्हे. आपल्याकडे 'दुभंग व्यक्तिमत्त्व' या प्रतिशब्दाने तो गैरसमज उगीच पसरविला.

रोगाची लक्षणे थोडक्यात सांगावयाची तर ती दोन प्रकारची असतात. कोणी नसता आवाज ऐकू येणे, कोणी तरी आपल्यावर पाळत ठेवीत आहे अशी अढळ खात्री वाटणे, बोलण्याची संगती तुटणे, ही लक्षणे इतरांच्या चटकन ध्यानात येतात. उत्साह मावळणे, बोलणे आटणे, अंघोळ व जेवण यांचीही इच्छा न उरणे, ही दुसऱ्या प्रकारची लक्षणे मात्र घरच्यांना आळस वाटतात. औषधे पहिल्या प्रकारावर अधिक चालतात, दुसऱ्यावर कमी. घरातील बहुतेक भांडणे या दुसऱ्या प्रकारापायीच होतात.

इंग्रजी अमदानीत १८५८ साली वेड्यांसंबंधीचे कायदे झाले. पुढे १९१२ चा कायदा आला आणि तो सुमारे ऐंशी वर्षे टिकला. त्या कायद्यात कुटुंब तीन भूमिकांत दिसते. नवरा, बायको किंवा अन्य नातलग दोन वैद्यकीय दाखल्यांसह दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करतो, तेव्हा तो अर्जदार. रुग्णाच्या खर्चाची हमी त्याच्याकडून घेतली जाते, तेव्हा तो देणेकरी. रुग्णाला घरी न्यावयाचे झाल्यास तो स्वतःला वा इतरांना इजा करणार नाही, अशी हमी देणारा तो जामीन. शुश्रूषा करणारा माणूस या कायद्यात कोठेच नाही. मोकाट फिरणाऱ्या वेड्याला पोलिसांनी धरून आणावे, ही दुसरी वाट होती. तुरुंग आणि मनोरुग्णालय यांच्यासाठी बोलीत एकच शब्द रूढ व्हावा, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

उपचारांचा इतिहास प्रसिद्ध आहे. त्यात फार रेंगाळण्याचे कारण नाही. १९३३ नंतर इन्सुलिनने बेशुद्धी आणण्याचा प्रयोग झाला, १९३८ साली रोममध्ये विजेचा उपचार सुरू झाला, आणि १९५२ साली पॅरिसमध्ये डिले व डेनिकर यांनी क्लोरप्रोमझिनचा गुण दाखवून दिला. या मालिकेत आपल्याकडची सर्पगंधा मात्र बहुधा वगळली जाते. कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी १९३१ सालीच उन्माद व रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग नमूद केला होता. मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील निबंध १९४९ साली इंग्लंडमध्ये छापला गेला. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले, आणि १९५४ साली नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. क्लोरप्रोमझिनपुढे ते टिकले नाही, हा भाग निराळा. कुटुंबाच्या दृष्टीने पाहता या औषधांचे खरे महत्त्व असे की, त्यांच्यामुळे रुग्ण घरी परत येऊ लागला. गोळी कोणी द्यावयाची, ती गिळली की नाही हे कोणी पाहावयाचे, या प्रश्नांचे उत्तर कोणी विचारण्याआधीच ठरून गेले : आईने.

गंमत अशी की, त्याच काळात पाश्चात्य मानसशास्त्र आईलाच रोगाचे कारण ठरवीत होते. १९४८ साली फ्रीडा फ्रोम-राइखमन यांनी रोग उत्पन्न करणाऱ्या मातेची कल्पना मांडली. ती पुढे पुराव्याअभावी मागे पडली; रोगात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो हे आता मान्य आहे. परंतु 'आईने लाडावून ठेविला' हा निकाल देण्यासाठी आपल्या शेजाऱ्यांना फ्रोम-राइखमन वाचावी लागली नव्हती.

याच्या उलट प्रयोग भारतात घडला. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातलगांना आवारातच तंबूंत उतरवून घेतले आणि त्यांना उपचारात सहभागी केले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत केलेल्या पाहणीत आग्रा हे एक केंद्र होते, आणि तेथील रुग्णांची प्रगती लंडन-वॉशिंग्टनपेक्षा बरी आढळली. याचे श्रेय सर्रास एकत्र कुटुंबाला देण्यात आले. या निष्कर्षावर नंतर आक्षेप घेतले गेले आहेत. मला त्यात निराळाच धोका दिसतो. कुटुंबाची स्तुती ही शासनाला फार स्वस्तात पडते. लंडनच्या संशोधकांनी १९७२ व १९७६ साली दाखविले होते की, ज्या घरी सतत टीका, राग किंवा अतिरेकी काळजी असते तेथे रोग पुन्हा उलटण्याचा संभव वाढतो. चंदीगडच्या घरांत असे वातावरण कमी आढळले. तरी ते जेथे होते तेथे रोगही अधिक उलटला. म्हणजे गुण 'भारतीय कुटुंब' नावाच्या अमूर्त वस्तूचा नसून, घरातील माणसांना रोग समजला आहे की नाही आणि त्यांना विसावा मिळतो की नाही, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

विवाहाच्या कायद्यात या रोगाचे नाव आले ते मात्र विचित्र वाटेने. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली, आणि घटस्फोटाच्या कारणांत मानसिक विकाराची व्याख्या करताना छिन्नमनस्कतेचा नावानिशी उल्लेख झाला. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, केवळ रोगाचे नाव सिद्ध झाल्याने घटस्फोट मिळत नाही. एकत्र राहणे अपेक्षिता येणार नाही इतकी त्याची तीव्रता असली पाहिजे. 'लग्न केले की सुधारेल' म्हणून रोग लपवून लग्न लावणारे आईबाप आणि त्या नावाच्या आधारे सून परत पाठविणारी घरे, या दोहोंचा हिशेब या निवाड्यापाशी येऊन ठेपतो.

आता निगडीकडे वळू. पुणे-मुंबई रस्त्यावरील हे गाव येरवड्यापासून वीस-बावीस किलोमीटरांवर आहे. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, आणि कारखान्यांतील कामगारांसाठी येथे क्रमांकांनी ओळखली जाणारी क्षेत्रे आखली गेली. ज्याला एकत्र कुटुंब म्हणतात ते या नोकरदारांच्या मूळ गावी राहिले. येथे आले ते नवराबायको व दोन मुले. १९८२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची वस्ती २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली. वरच्याच हिशेबाने त्यात पाच हजारांहून अधिक छिन्नमनस्क रुग्ण असावेत. रोग बहुधा विशीत किंवा तिशीच्या आरंभी प्रकट होतो, म्हणजे नेमका नोकरीला लागण्याच्या वयात. राज्य कामगार विमा योजनेत दीर्घ आजारांच्या यादीत तीव्र मनोविकारांचा समावेश आहे, आणि त्यासाठी वेतनाच्या शेकडा ८० इतका भत्ता मिळू शकतो. पण त्याकरिता आधी दोन वर्षांची विमापात्र नोकरी झालेली असावी लागते. कंत्राटावर महिने मोजणाऱ्या पंचविशीच्या मुलाला ही अट पार करण्याआधीच रोग गाठतो.

अशा घरांना प्रथम आधार मिळाला तो संस्थांपेक्षा एकमेकांचा. कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटामागेही त्यांचाच पुढाकार होता. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची संस्था काम करीत आहे. या गटांत रुग्णाला 'शुभार्थी' व सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. शब्द थोडे गोड आहेत, अशी तक्रार करता येईल. तरीही १९१२ च्या कायद्यातील अर्जदार, देणेकरी व जामीन यांच्या जागी शुश्रूषा करणाऱ्यासाठी मराठीत स्वतंत्र नाम तयार झाले, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. त्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला, साखळदंडांना मनाई केली, आणि उपचारासंबंधी स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु १९८७ च्या कायद्यात रुग्णाच्या देहाचा व मालमत्तेचा पालक नेमण्याचे जे प्रकरण होते, ते नव्या कायद्यात नाही. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. मनोविकार त्यात येत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील पालकत्व ठरावीक निर्णयापुरते व मुदतीपुरते असते. १९८० च्या आसपास प्राधिकरणात घर घेतलेले कामगार आता पंचाहत्तरीच्या पुढे गेले आहेत. ज्यांचा पंचेचाळीस वर्षांचा मुलगा वरच्या खोलीत बसून असतो, ते 'आमच्यामागे याचे कोण?' हा प्रश्न घेऊन डॉक्टरकडे नव्हे, वकिलाकडे जातात. आणि वकील त्यांना मृत्युपत्र, खाजगी न्यास किंवा उच्च न्यायालयात अर्ज, असे तीन मार्ग सांगतो. त्या तिन्हींसाठी रुग्णाला सांभाळण्यास कबूल असलेल्या एका माणसाचे नाव लिहून द्यावे लागते.