तेजा, मोगॅम्बो आणि हार्डकोअर : मुंबईचा ‘स्क्राइब’ का टिकला?

१/ जेमतेम पाऊण तासाचे संगीत मागे ठेवून एखादा बँड इतिहासात टिकू शकतो काय? वॉशिंग्टनच्या ‘मायनर थ्रेट’ या हार्डकोअर पंक बँडचे एकूण ध्वनिमुद्रण साधारण तेवढेच. १९८० मध्ये तो सुरू झाला, १९८३ मध्ये विसर्जित झाला, आणि आजही ऐकला जातो. याच घराण्याचा मुंबईतील एक धागा आज पाहू. #थ्रेड

२/ हार्डकोअर हे पंकचे अधिक वेगवान, अधिक आक्रमक रूप. गाणी आखूड, गायन आरोळीच्या अंगाने जाणारे, आणि गायकाच्या हातातील माइकवर श्रोत्यांचाही हक्क. बड्या कंपन्यांची वाट न पाहता रेकॉर्ड स्वतःच काढायची, ही त्याची रीत. मायनर थ्रेटच्या इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ चालवली ती याच रीतीने.

३/ मुंबईत रॉकचे हक्काचे ठिकाण म्हणजे धोबी तलावचे रंगभवन. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव तेथेच रुजला. मात्र २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला. महाविद्यालय आणि रुग्णालय यांच्या शेजारचे रंगभवन मुके झाले. पुढे हा महोत्सव अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर भरू लागला.

४/ रंगभवन गमावलेल्या या शहरात ‘स्क्राइब’ उभा राहिला. गायक विश्वेश कृष्णमूर्ती. हार्डकोअरला मेटलची जोड असल्याने कट्टर पंकप्रेमी त्याच्या वर्गवारीवरून वाद घालतील. तो वाद बाजूला ठेवू. अल्बम तीन : ‘कन्फेक्ट’ (२००८), ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) आणि ‘हेल मोगॅम्बो’ (२०१४).

५/ नावे पुन्हा वाचा. मोगॅम्बो ‘मिस्टर इंडिया’तला (१९८७), तेजा ‘अंदाज अपना अपना’तला (१९९४). हा दुसरा चित्रपट प्रदर्शनावेळी फारसा चालला नाही. पुढे मात्र त्यातले संवाद घरोघरी पाठ झाले. ‘आय लव्ह यू, पाव भाजी’ हे तर या बँडच्या एका गाण्याचेच नाव!

६/ माझ्या मते स्क्राइबच्या टिकाऊपणाचे मर्म येथे आहे. अमेरिकन हार्डकोअरचा राग त्याच्या उपनगरांतून, शाळांतून आणि पोलिसांशी झालेल्या झटापटींतून आला होता. तो जसाच्या तसा उचलला असता, तर ती केवळ नक्कल ठरली असती. स्क्राइबने ध्वनी बाहेरून घेतला, पण विनोद घरचा ठेवला. दूरदर्शन आणि केबलवर वाढलेल्या पिढीला तो समजावून सांगावा लागला नाही.

७/ त्या हिंदी चित्रपटसृष्टीचे एक जुने घर आमच्या मालाडमध्ये आहे. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या ‘बॉम्बे टॉकीज’चा स्टुडिओ येथलाच. आज त्याचे भग्नावशेष कारखान्यांच्या गर्दीत हरवले आहेत. तरीही ‘किस्मत’ (१९४३) आपण पाहू शकतो, कारण त्याच्या प्रती कोणीतरी जपल्या.

८/ छोट्या बँडच्या प्रती कोण जपणार? २००० च्या दशकात जगभरच्या अशा बँडांची गाणी ‘मायस्पेस’वर असत. २०१९ मध्ये उघड झाले की २०१६ पूर्वी तेथे चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाले : सुमारे ५ कोटी गाणी! शंभर वर्षांपूर्वीची ग्रामोफोन तबकडी आजही वाजते आणि दहा वर्षांपूर्वीची फाइल सापडत नाही.

९/ मुंबईत ‘द रायट पेडलर्स’, ‘डेथ बाय फंगाय’, ‘पॅसिफिस्ट’ अशी नावे येत राहिली. त्यांचा इतिहास लिहायचा तर साधने लागतील : तिकिटे, पोस्टर, जुन्या हार्ड डिस्कमधील धूसर चित्रफिती. दप्तरखान्यात ती मिळणार नाहीत. ती तुमच्या माळ्यावर आहेत. त्यांच्यावर तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा. उद्याच्या संशोधकाचे निम्मे काम तेवढ्याने होईल.