हळदीचे बेणे
ताम्रपटांत इतिहास असतो, तसाच तो उमरखेडच्या शेतकऱ्याने जपलेल्या हळदीच्या बेण्यातही मला दिसतो. हळदीला रुजणारे बी सहसा धरत नाही. फाल्गुनाच्या सुमारास काढलेले गड्डे सावलीत ढीग लावून, हळदीच्याच वाळल्या पाल्याखाली उन्हाळाभर राखावे लागतात. डोळे फुटले, की वैशाख-ज्येष्ठात लागवड. म्हणजे प्रत्येक गड्डा हा मागच्या गड्ड्याचाच तुकडा! हरियाणातील फरमाना येथे ४,००० वर्षांहून जुन्या सिंधुकालीन भांड्यांत हळदीचे पिष्टकण सापडले. वर्धा नदीपलीकडच्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण एका उन्हाळ्यात गावचे सारे बेणे कुजले, वा दुष्काळात विकावे लागले, तर तिथला वाण संपलाच. हा इतिहास टिकला तो ढिगातला कुजका गड्डा वेळीच वेचून टाकणाऱ्या घरधनिणींमुळे.