घोरपड: पोवाड्यातली आणि बांधावरची

१/ पनवेल तालुक्यातील आपटा हे पाताळगंगेच्या काठचे गाव. एका बाजूला भातखाचरे, जवळच कर्नाळ्याचे अरण्य आणि त्यावर अंगठ्यासारखा उभा राहिलेला किल्ल्याचा सुळका. या परिसरात आजही वावरणारा एक प्राणी मराठी इतिहासाच्या लोकस्मृतीत अजरामर झाला आहे: घोरपड. हा धागा तिच्याविषयी.

२/ जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना २३ किल्ले दिले. त्यांत कोंढाणा होता आणि आपट्याजवळचा कर्नाळाही होता. १६७० मध्ये हे दोन्ही किल्ले पुन्हा स्वराज्यात आले. कोंढाण्याच्या कथेत घोरपड आहे, कर्नाळ्याच्या कथेत नाही.

३/ तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात तानाजी मालुसरे यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कड्यावर सोडतात. पहिल्या खेपेस ती मागे फिरते, तानाजी तिला दरडावतात, मग ती कडा चढते आणि मागून मावळे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला आणि ही कथा वाचकांपर्यंतही पोहोचली.

४/ आता सभासदाची बखर पाहू. ती शिवकालानंतर लवकरच, सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली. तीत कोंढाण्याचा प्रसंग आहे, कडा चढणारे मावळे आहेत. त्यांच्या चढाईला उपमा आहे ती वानरांची. घोरपडीचा उल्लेख नाही.

५/ कागदपत्रांइतकीच साक्ष खुद्द प्राणीही देतो. घोरपड दिनचर आहे. ती थंड रक्ताची असल्याने सकाळी उन्हात अंग तापवल्याशिवाय तिला नीट हालचालही करता येत नाही. रात्री ती बिळात किंवा ढोलीत निपचित असते. कोंढाणा घेतला गेला ४ फेब्रुवारी १६७० रोजी, माघ वद्य नवमीच्या रात्री. थंडीच्या दिवसांत, अंधारात, सह्याद्रीच्या कड्यावर घोरपड चढवणे तिच्या स्वभावाच्याच विरुद्ध आहे.

६/ शिवाय वजनाचा प्रश्न. मोठी घोरपड शेपटीसह सुमारे पावणेदोन मीटर भरते, वजन जेमतेम ७ किलो. शस्त्रधारी मावळ्याचा भार तिने पेलणे अशक्यच.

७/ मग कथा उगवली कुठून? निरीक्षणातून. संकट दिसताच घोरपड कपारीत शिरते, नख्या रोवते आणि अंग फुगवते; मग तिला ओढून काढणे महाकठीण. ‘घोरपडीसारखा चिकटला’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपराही आपले आडनाव बहमनी काळातील खेळणा, म्हणजे विशाळगडाच्या अशाच चढाईशी जोडते. अर्थात ही कथा एका लढाईपुरती नाही. ती फिरती आहे.

८/ आणि कर्नाळा? ठाणे जिल्ह्याच्या ब्रिटिशकालीन गॅझेटियरातील नोंदीनुसार मराठे मातीचे आडोसे उभारीत, फळ्यांच्या आडून पुढे सरकले आणि त्यांनी किल्ला घेतला. माती, लाकूड, घाम. या पराक्रमावर पोवाडा गाजला नाही, म्हणून तो आपल्याला ठाऊक नाही. घोरपड वगळली तर तानाजींचे शौर्य उणे होत नाही. उलट कडा माणसांनी स्वतःच्या हातापायांनी चढला, हे अधिक ठसते.

९/ बांधावरची घोरपड मात्र दोर वाहत नाही, शेत राखते. दुभंगलेली जीभ सतत बाहेर काढून ती वास टिपते. कीटक, खेकडे, बेडूक, उंदीर, पक्ष्यांची अंडी, मेलेली जनावरे, सारे तिचे अन्न. पिल्ले झाडांवर अधिक रमतात, मोठ्या घोरपडी जमिनीवर. मादी अंडी घालते ती जमिनीत, अनेकदा वारुळात. पाण्यातही ती सहज पोहते. भातखाचरातील उंदीर खाणारा हा शिकारी शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार होय.

१०/ तिच्या अचाट बळाच्या समजुतीची किंमत तीच मोजते. ताकद येते म्हणून मांस, सांधे बरे होतात म्हणून तेल. दोन्हींना वैद्यकीय आधार नाही. दिमडी-खंजिरीवर पूर्वी तिचेच कातडे मढवीत. आणि ‘हत्ता जोडी’ नावाने दुर्मिळ मुळी म्हणून जे विकले जाते, ते प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते.

११/ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. तिची शिकार केल्यास ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. कर्नाळा १९६८ पासून अभयारण्य आहे. पण घोरपडीला अभयारण्याची सीमा कळत नाही. ती आपट्याच्या बांधावरही येते आणि तिथे तिचे रक्षण गावकऱ्यांच्याच हाती असते.

१२/ पोवाडा जरूर ऐकावा. तो आपल्या शाहिरीचे वैभव आहे. मात्र इतिहास वाचताना विचारावे: हे कोणी, केव्हा लिहिले? आणि वाटेत घोरपड दिसली तर चार पावले मागे सरून तिला जाऊ द्यावे. गड जिंकण्याचे ऋण तिच्यावर लादण्याची गरज नाही. तिने उंदीर मारले एवढे पुरे आहे.