दोनशे किलोमीटरवरचा परीक्षा विभाग

भूम येथील शंकरराव पाटील महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला संलग्न आहे. विद्यापीठाचे मुख्य आवार छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे भूमपासून रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटरवर. भूमला रेल्वे नाही, बीडमार्गे एस.टी.ने जावे लागते. विद्यापीठाच्या कारभारात संगणक आल्याने नेमके काय सुधारले, हे परीक्षा विभागाच्या इमारतीपेक्षा अशा दूरच्या तालुक्यात अधिक स्पष्ट दिसते.

1958 पूर्वी मराठवाड्यातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव राहिलेले एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. त्यामुळे कामकाजाची घडी अनुभवी हातांनी बसली. पण ती सर्वस्वी कागदावरची होती. महाविद्यालयातील लिपिक परीक्षेचे फॉर्म प्रवेशाच्या रजिस्टरशी ताडून पाहत, शुल्काचा हिशेब जुळवत आणि गठ्ठे विद्यापीठाकडे धाडत. तिकडून बैठक क्रमांक आणि हॉल तिकिटे येत. उत्तरपत्रिकेवरचा गुण परीक्षकाच्या गुणयादीत, तिथून लेजरमध्ये आणि शेवटी गुणपत्रकावर उतरे. प्रत्येक नकलेत चूक शिरण्याची संधी होती. नावातली एक वेलांटी चुकली तरी दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याचा किंवा वडिलांचा अख्खा दिवस प्रवासात जाई आणि शेतावरची मजुरी बुडे. हा खर्च विद्यापीठाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नसे.

1994 मध्ये विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि जुन्या विद्यापीठाचे क्षेत्र आटोपशीर झाले. भूम ज्यात आहे तो उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा मात्र औरंगाबादकडेच, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडेच राहिला. 2004 मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी उपपरिसर सुरू झाला. पदव्युत्तर शिक्षणाची सोय त्यामुळे जवळ आली, तरी परीक्षेच्या नोंदी मुख्य आवारातच राहिल्या.

खरे वळण महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनमुळे आले. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने 2001 मध्ये ही संस्था स्थापन झाली आणि पुढे तिची ‘डिजिटल युनिव्हर्सिटी’ ही प्रणाली राज्यातील अनेक विद्यापीठांत आली. मराठवाडा विद्यापीठही त्यांत होते. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, द्यायचा आणि एकदा भरलेल्या माहितीवरच पात्रता, परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट आणि गुणपत्रक तयार करायचे, ही तिची मूळ कल्पना. कल्पना रास्त होती. पण तिने माहिती भरण्याचे काम विद्यापीठाकडून महाविद्यालयाच्या कार्यालयात आणले, तेही ग्रामीण महाराष्ट्र भारनियमनाने हैराण असलेल्या काळात. दुपारी वीज नसेल तर रात्री बसून फॉर्म भरायचे, हे मुदतीच्या दिवसांतले वास्तव होते. प्रकल्पाच्या आखणीत लिपिकाच्या प्रशिक्षणाला आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाला यंत्राइतकेच स्थान हवे होते. ते पुरेसे मिळाले नाही.

आखणीतली घाई किती महाग पडते, हे 2017 मध्ये मुंबई विद्यापीठात दिसले. उन्हाळी परीक्षांच्या सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला, आणि तोही एकाच फटक्यात सर्व शाखांसाठी. स्कॅनिंग रखडले, प्राध्यापकांना सराव नव्हता, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत टळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. एका शाखेत आधी प्रयोग करून पाहिला असता, तर बहुतेक दोष तिथेच उघडे पडले असते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 तोवर लागू झालेला होता. परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लावण्याचे बंधन त्यात आहे. त्याहून दूरगामी तरतूद माहिती तंत्रज्ञान मंडळाची. संगणक प्रणाली ही एकदाची खरेदी नसून विद्यापीठाने कायम सांभाळायची जबाबदारी आहे, हे कायद्याने त्यातून मान्य केले. मंडळ किती उपयोगी ठरते, हे मात्र त्याच्या बैठकांत संलग्न महाविद्यालयांच्या अडचणी पोहोचतात की नाही, यावर अवलंबून असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे विनियम काढले. नव्या शैक्षणिक धोरणामुळे विद्यार्थ्याचे श्रेयांक एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेणे अपेक्षित झाले आणि नोंदींचा सारखेपणा अनिवार्य ठरला. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची, दिल्ली विद्यापीठात विकसित झालेली ‘समर्थ’ प्रणाली राज्यातील विद्यापीठांत येऊ लागली ती याच पार्श्वभूमीवर. प्रणाली बदलली की महाविद्यालयांना नवी पद्धत शिकावी लागते, आणि दोन्हींच्या मधल्या बॅचच्या नोंदी जुळवण्याचे काम स्वतंत्रपणे करावे लागते. कागदी लेजरच्या काळात पदवी घेतलेल्यांच्या पडताळणीचे काम तर कोणत्याच नव्या प्रणालीत आपोआप येत नाही. त्यासाठी जुनी लेजरे जपणे, स्कॅन करणे आणि नावांनुसार शोधता येतील अशी त्यांची सूची करणे, हा वेगळा प्रकल्प मानून त्याला माणसे आणि निधी द्यावा लागतो.